शाळेच्या नळातले शिसे आणि गावाचा उडालेला विश्वास

सुरंगी (धागालेखिका)

नमस्कार. मी दक्षिण रत्नागिरीतल्या खाडीकाठच्या एका गावात राहते आणि आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. गावाचे, कार्यालयाचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण कोणाला उघडे पाडण्यासाठी हा धागा काढलेला नाही. यापुढे काय करावे हे जाणत्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आमच्या सरांनी शाळेच्या नळाचे पाणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा बरेच जास्त निघाले. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालते. काही घटकांच्या बाबतीत दुसरा स्रोत नसेल तर थोडी सवलत असते, तशी सवलत शिशाला नाही. सरांनी अहवाल पंचायतीपुढे ठेवला तेव्हा पहिले उत्तर आले ते असे, की खासगी प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही. मग भर दुपारी नळ बराच वेळ सोडून ठेवून नमुना घेतला गेला, तो मर्यादेत आला, आणि त्याच सभेत एका अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर नळाचे पाणी पिऊन दाखवले. पुढे पालकांनी पाठपुरावा केल्यावर सकाळी शाळा उघडण्याआधी नमुना घेतला गेला आणि तो सरांच्या अहवालाशी जुळला.

त्यानंतर काम झाले, हे मला प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शाळेच्या टाकीपासूनचा जुना जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप काढला, पितळी तोट्या आणि जोड बदलले, आणि त्यानंतरचे अहवाल मर्यादेत आहेत. तरीही एकही आई मुलाला नळाचे पाणी पिऊ देत नाही. मुले घरून बाटल्या आणतात आणि त्या बाटल्यांत आडाचे, म्हणजे टीसीएल (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) न टाकलेले पाणी असते. ज्यांना परवडते त्यांनी आरओ बसवले आहेत, ज्यांना परवडत नाही ते आडावर गेले आहेत. पाणी सुधारले, पण गावाचा त्यावरचा भरवसा परत आलेला नाही, आणि अहवालाची झेरॉक्स सूचनाफलकावर लावून तो येईल असे मला वाटत नाही. ज्यांनी अशा प्रसंगातून वाट काढली असेल किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास असेल, त्यांनी कृपया लिहावे.

कातळसडा

सुरंगीताई, मी पाणीपुरवठा योजनांच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आधी शिसे आले कुठून एवढ्यापुरतेच लिहितो, कारण ते लोकांना नीट समजल्याशिवाय पुढची चर्चा अर्धवट राहील.

शिसे बहुधा विहिरीत किंवा नदीत नसते, ते वाटेत मिसळते. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरतो. हे पाणी मऊ असते, त्यात क्षार थोडे असतात आणि अनेक ठिकाणी त्याचा सामू (पीएच) सातच्या खाली, म्हणजे आम्लाकडे झुकलेला असतो. देशावरच्या जड पाण्यामुळे नळाच्या आतून चुन्याचा थर धरतो, तो धातू आणि पाणी यांच्यामध्ये आडोसा होऊन बसतो. आपल्या पाण्यात तो थर सहसा धरत नाही, उलट पाणीच हळूहळू धातू खात राहते. त्यातच खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, म्हणजे क्लोराइड वाढते आणि दोन वेगळे धातू जिथे जोडलेले असतात तिथली झीज आणखी वेगाने होते.

आपल्या गावांत पुरलेले निव्वळ शिशाचे नळ मी पाहिलेले नाहीत. पण पितळ कातायला सोपे जावे म्हणून त्यात थोडे शिसे घालतात, जीआय पाइपावरच्या जस्ताच्या लेपात शिशाचा अंश असू शकतो, आणि जोडकामाच्या जुन्या डाखात (सोल्डरमध्ये) तर ते भरपूर असे. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे वापरण्याची पद्धत होती; त्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये आणले. तेव्हा नवा पाइप म्हणजे निर्धोक पाइप असे समजू नये. हाँगकाँगमध्ये 2015 साली अगदी नव्या सरकारी वसाहतींच्या पाण्यात शिसे सापडले, तपासात कारण निघाले ते जोडांना वापरलेला शिसेयुक्त डाख.

तुमच्या गावात दुपारचा नमुना चांगला आणि सकाळचा वाईट का आला, हेही यावरून कळेल. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात शिसे उतरते. नळ दहा मिनिटे सोडला की ते वाहून जाते आणि नमुना टाकीच्या पाण्याचा मिळतो. म्हणजे दुपारचा अहवाल खोटा नव्हता, पण मुले सकाळी जे पाणी पितात त्याचा तो अहवालच नव्हता. शाळेत तर शनिवारी दुपारी नळ बंद होतो तो सोमवारी उघडतो. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर काय होत असेल याचा विचार करावा.

मुसळधार

धागा चांगल्या हेतूने काढला आहे याबद्दल शंका नाही, तरीही मला वेगळे म्हणणे मांडावेसे वाटते. कोकणात पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि कावीळ यांनी माणसे आजारी पडतात, ते दूषित पाण्यातल्या जंतूंमुळे. शिशाचा परिणाम होत असेल तर तो वर्षानुवर्षांनी, पण जंतूंचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. एका शाळेच्या नळातल्या शिशाची चर्चा गावभर झाली आणि लोक क्लोरीन टाकलेले पाणी सोडून उघड्या आडावर गेले, तर त्यात मुलांचे भले झाले की नुकसान? मला तरी नुकसानच दिसते. अशा विषयांची जाहीर चर्चा करताना तारतम्य ठेवावे, असे मनापासून वाटते.

डॉ. पेज (बालरोग)

मुसळधार यांचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण आडाच्या पाण्याने आजारी पडलेली मुले माझ्याच दवाखान्यात येतात. पण चर्चा झाली म्हणून लोक आडावर गेले, हे मला पटत नाही. सुरंगीताईंनी लिहिलेला क्रम पुन्हा पाहावा. खरा अहवाल आधी नाकारला गेला, मग सोयीचा नमुना घेतला गेला, आणि लोक नळापासून दूर गेले ते त्यानंतर.

शिशाचा परिणाम उशिरा दिसतो हे बरोबर आहे, आणि म्हणूनच तो निसटतो. पाण्यातल्या शिशाला रंग, वास किंवा चव नसते. लहान मुलांच्या आतड्यातून ते मोठ्या माणसांच्या चार ते पाच पट शोषले जाते, ते हाडांत साठते आणि गरोदरपणी आईच्या हाडांतून निघून गर्भापर्यंत पोहोचू शकते. बुद्ध्यांक, एकाग्रता आणि वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. शिसे बाहेर काढणारी औषधे रक्तातले प्रमाण फार वाढल्यावरच देतात. रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे 67 टक्के मुले रक्तक्षयी आढळली, हे लक्षात घेतले तर आपल्या मुलांना शिशाचा धोका किती आहे ते कळते. नाचणी, कुळीथ आणि सुकट घरात असताना मुलांना त्याऐवजी बिस्किटे का द्यावीत, हा प्रश्न मी रोज पालकांना विचारते, मात्र आहार हा सुरक्षित पाण्याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट. युनिसेफने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज होता, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली होती. त्यामागे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे उद्योग, रंग, भेसळीचे मसाले आणि भांडी अशी पुष्कळ कारणे असतात. त्यामुळे एखाद्या मुलाच्या रक्तात शिसे सापडले तर सगळा दोष नळावर टाकण्याआधी घरही पाहावे.

पागवाला

डॉक्टरांनी घर पाहायला सांगितले म्हणून लिहितो. आमच्या कोळीवाड्यात पागाला, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याला, खालून शिशाच्या गोळ्या लावतात. पुष्कळ घरांत शिसे चुलीवर लोखंडी पळीत वितळवून त्या गोळ्या ओतल्या जातात, आणि ते काम चालू असते तेव्हा मुले शेजारीच बसलेली असतात. ओतून झाल्यावर तीच चूल जेवणासाठी पेटते. पाग तोंडात धरून फेकण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. हे बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण ओतकाम घराबाहेर वाऱ्याच्या बाजूने करावे, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना लांब ठेवावे, एवढे आम्ही आमच्या सोसायटीत सांगायला सुरुवात केली आहे. नळाची तपासणी करायला येणाऱ्यांनी कोळीवाड्यात हेही सांगितले तर लोक ऐकतील.

डेट्रॉइटकर

मी मूळचा देवगडचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात राहतो. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर फ्लिंट हे शहर आहे. त्या शहरात जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण सुरंगीताईंच्या गावातली प्रत्येक पायरी त्या मोठ्या प्रकरणात दिसते.

फ्लिंटला डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे पाणी येत असे. शहराची आर्थिक स्थिती बिघडलेली होती, कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता, आणि खर्च वाचवण्यासाठी एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी द्यायला सुरुवात झाली. या पाण्यात क्लोराइड पुष्कळ जास्त होते आणि नळाची झीज रोखणारे ऑर्थोफॉस्फेट त्यात घातले गेले नाही. जुन्या शिशाच्या नळांतला संरक्षक थर सुटू लागला. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि त्यांना पाणी सुरक्षित असल्याचे सांगितले जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यात ते पाणी वापरणे थांबवले, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. जे पाणी यंत्राला चालत नव्हते ते मुलांना आणखी वर्षभर दिले गेले. जुलै 2015 मध्ये शहराच्या महापौरांनी दूरचित्रवाणीवर ते पाणी पिऊन दाखवले.

अधिकृत नमुन्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ सोडून ठेवायला रहिवाशांना सांगितले जात होते. 2015 च्या पहिल्या सहामाहीतल्या नमुन्यांपैकी जास्त शिसे आलेले दोन नमुने मोजणीतून वगळले गेले आणि त्यामुळे शहराचा आकडा मर्यादेच्या आत बसला. सुरंगीताईंच्या गावात दुपारी नळ सोडून घेतलेला नमुना मला इथे आठवला.

सत्य बाहेर आले ते लोकांनी स्वतः बाटल्या भरल्या म्हणून. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शहरात तीनशे नमुना संच पाठवले. ते रहिवाशांनीच घरोघरी वाटले आणि भरून गोळा केले, त्यांतले बहुतेक परत आले. पाठोपाठ सप्टेंबर 2015 मध्ये डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की, पाच वर्षांखालील मुलांत रक्तातील शिसे डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक असणाऱ्यांचे प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेले आहे. राज्याने आधी त्यांचे आकडे खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि काही दिवसांतच ते मान्य करावे लागले. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले.

आता विश्वासाबद्दल. पुढच्या एक-दोन वर्षांत फ्लिंटच्या पाण्यातले शिसे कायदेशीर मर्यादेच्या खाली आले. मे 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी तिथे येऊन फिल्टर केलेले नळाचे पाणी प्यायले. एप्रिल 2018 मध्ये राज्याने मोफत बाटलीबंद पाणी थांबवले, तेव्हा आकडे चांगले होते, तरी लोक रांगा लावून शेवटच्या पेट्या घेत होते. मी त्या शहरातल्या ज्यांच्याशी बोललो आहे त्यांतले बरेच जण आजही नळाचे पाणी पीत नाहीत. ज्या तोंडांनी खोटे सांगितले त्याच तोंडांनी खरे सांगितले, तर ऐकणारा फरक कसा ओळखणार? म्हणून कोणीतरी पाणी पिऊन दाखवणे हा उपाय मला अगदी अयोग्य वाटतो. शिसे एका घोटाने कळत नाही, त्यामुळे पिऊन दाखवण्याने काहीच सिद्ध होत नाही, हे लोकांनाही समजते.

जे थोडेफार उपयोगी पडले ते जमीन खोदून नळ बदलण्याचे काम. न्यायालयात झालेल्या 2017 च्या तडजोडीनुसार ते तीन वर्षांत संपायचे होते, प्रत्यक्षात पूर्ण झाल्याचे राज्याने जाहीर केले ते 2025 मध्ये. सुमारे अकरा हजार शिशाचे नळ निघाले. हा उशीर झाला नसता तर लोकांचे मन किती लवकर वळले असते, असे मला नेहमी वाटते, कारण न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहराने 2019 नंतर सुमारे तेवीस हजार नळ तीन वर्षांच्या आत, रहिवाशांकडून एक पैसाही न घेता बदलले. तिथे बहुतेक लोक भाडेकरू असल्याने घरमालकाच्या परवानगीवाचून नळ बदलता यावा असा नियमच शहराने केला.

तळेकाठ

मी महाडची आहे. सार्वजनिक पाण्याचा आणि कागदाचा संबंध आमच्या गावाला चांगला माहीत आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केला, आणि तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले.

हे इथे लिहिण्याचे कारण असे की, सुरंगीताई, तुमच्या धाग्यात शाळेचा एक नळ आहे, पण वाड्यांचा उल्लेख नाही. नमुने कुठून घेतले जातात? माझ्या अनुभवात ते टाकीजवळच्या किंवा पंचायतीजवळच्या नळाचे असतात, कारण तिथे गाडी जाते. नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी येते, नळात सर्वांत जास्त वेळ थांबते, आणि ती वाडी बहुतेक वेळा बौद्धवाडी, कोळीवाडा किंवा कातकरवाडी असते. शेवटच्या नळाचा आकडा पहिल्या नळाच्या आकड्याशेजारी लिहिला गेला नाही, तर त्या वाड्यांनी विश्वास का ठेवावा, हे मला कोणी समजावून सांगावे.

सुरंगी (धागालेखिका)

तळेकाठताई, तुमचे म्हणणे खरे आहे. आमच्याकडे शेवटच्या वाडीतल्या नळाचा शिशासाठी नमुना अद्याप घेतलेला नाही. पुढच्या वेळी तो सर्वांत आधी घेतला जाईल, याची जबाबदारी मी घेते.

डेट्रॉइटकर यांच्या प्रतिसादातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे: संच लोकांनीच वाटले आणि लोकांनीच भरले. आमच्या गावात नमुना घ्यायला माणूस येतो, बाटली भरतो आणि निघून जातो. बाटलीत काय भरले, कधी भरले, कुठे गेले, हे कोणालाच कळत नाही. गावातल्या बायकांनी स्वतः नमुने घेतले तर ते ग्राह्य धरले जातील का? जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळाचे पाणी देण्याच्या सरकारी योजनेत) पाणी तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या पाच महिला आमच्याकडे आहेत, पण त्यांच्या संचात शिशाची चाचणी आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

ओंजळ

ताई, मी आमच्या गावातल्या अशाच पाच महिलांपैकी एक आहे. आमच्या पेटीत सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, उरलेला क्लोरीन अशा चाचण्या आहेत, शिसे त्यात नाही. शिशासाठी एएएस (धातूंचे प्रमाण मोजणारे यंत्र) किंवा त्याहून सूक्ष्म यंत्र लागते, ते मोठ्या प्रयोगशाळेतच असते. पण आमची पेटी निरुपयोगी आहे असे समजू नका. सामू सहाच्या आसपास आला आणि उन्हाळ्यात क्लोराइड वाढलेले दिसले, तर त्या गावात धातूच्या नळांकडे लक्ष द्यायला हवे, हे आम्हीच आधी सांगू शकतो.

आरओ विकणारे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारे मीटर घेऊन गावात फिरतात त्याबद्दल मला फार सांगायचे आहे. ते नळाच्या पाण्यात मीटर बुडवतात, आकडा दाखवतात आणि पाणी विषारी असल्याचे सांगतात, किंवा आकडा कमी आला तर पाणी उत्तम असल्याचे आपणच समजून घेतो. दोन्ही चुकीचे आहे. आपल्याकडे टीडीएस लिटरला पन्नास मिलिग्रॅम असू शकतो; शिशाची मर्यादा त्याच्या पाच हजाराव्या भागाइतकी आहे. ते मीटर शिसे दाखवूच शकत नाही. तसेच पाणी उकळले म्हणजे शिसे जाते असा समज आहे, तोही बायकांना समजावावा लागतो. उकळल्याने जंतू मरतात, शिसे तसेच राहते आणि पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

आमच्या गावात लोकांचा विश्वास आमच्यावर बसला तो आम्ही शेजारणी आहोत म्हणून. क्लोरीनची चाचणी आम्ही नळापाशी उभे राहून करतो, रंग बदललेला त्या घरची बाई स्वतः पाहते, आणि आकडा वहीत तिच्यासमोर लिहितो. वाईट आकडा आला तरी तोच लिहितो.

कातळसडा

ओंजळताईंनी नेमके लिहिले आहे. नमुना कसा घ्यावा हे जरा बारकाईने सांगतो, कारण वाद याच ठिकाणी होतात. रात्री शेवटचे पाणी भरून झाले की नळ बंद करावा आणि निदान सहा तास कोणी उघडू नये. पहाटे, कोणीही तोंड धुण्याआधी, रुंद तोंडाची एक लिटरची स्वच्छ बाटली नळाखाली धरून नळ नेहमीसारखा पूर्ण सोडावा. बारीक धार धरली तर आतले कण सुटत नाहीत आणि आकडा कमी येतो. तोटीला जाळी असेल तर ती काढू नये. पहिले लिटर वेगळे, आणि पाच मिनिटे पाणी सोडल्यानंतरचे लिटर वेगळे. पहिल्या बाटलीत शिसे असून दुसरीत नसेल तर दोष तोटीजवळच्या फिटिंगचा आहे. दोन्हींत असेल तर मागच्या नळाचा किंवा स्रोताचा शोध घ्यावा लागतो. बाटलीवर नळ, तारीख, वेळ आणि भरणाऱ्याची सही असावी. प्रयोगशाळेकडून बाटल्या आधीच मागवाव्यात, त्या आम्लाने धुतलेल्या असतात.

ग्राह्यतेबद्दल: एकाच वेळी दोन बाटल्या भरून दोन्ही गावकऱ्यांसमोर सीलबंद कराव्यात, एक सरकारी प्रयोगशाळेत आणि एक एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावी. मग खासगी अहवाल की सरकारी अहवाल हा वादच उरत नाही.

बंद घरांचाही विचार करा. आपल्या प्रत्येक वाडीत मुंबईकरांची घरे वर्षातून दोनदा उघडतात. गणपतीला चाकरमानी येतात, नळ सोडतात आणि पहिल्याच हंड्याचा चहा होतो. ते पाणी कित्येक महिने त्या नळात थांबलेले असते. घर उघडल्यावर पाणी बराच वेळ सोडून द्यावे आणि ते झाडांना घालावे, एवढी सूचना पंचायतीने गणपतीच्या आधी दिली तरी पुष्कळ आहे. आणि सामू सुधारायचा विषय योजनेच्या आराखड्यातच घ्यायला हवा. ग्लासगो शहराला लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी येते, ते आपल्यासारखेच मऊ आहे. तिथे 1978 पासून पाण्यात चुना मिसळून सामू वाढवला, 1989 पासून ऑर्थोफॉस्फेट दिले, आणि लोकांच्या रक्तातले शिसे उतरले. आपल्या छोट्या योजनांत चुनखडीच्या थरातून पाणी नेण्याची सोय फारशी महाग नाही.

मुसळधार

सगळे प्रतिसाद वाचले. माझी मूळ चिंता कायम आहे, पण डॉक्टरांचा क्रमाचा मुद्दा मान्य करतो. आता एक सुचवतो. आया आज नळाचे पाणी देत नाहीत, ते त्यांनी लगेच द्यावे असा आग्रह कोणी धरू नये. ज्या आडाचे पाणी मुले पितात तोच काही महिने शाळेचा अधिकृत स्रोत समजावा, त्यात जलसुरक्षकाने (पाणी शुद्धीकरणाचे काम पाहणाऱ्या गावातल्या माणसाने) नियमित टीसीएल टाकावे, आणि त्याच्या क्लोरीनचा आकडा नळाच्या शिशाच्या आकड्याशेजारी एकाच फळ्यावर लिहावा. म्हणजे विश्वास येईपर्यंत मुलांना कावीळ होणार नाही, आणि कोणत्या पाण्यात काय आहे हे आयांना रोज दिसेल.

सुरंगी (धागालेखिका)

मुसळधार, ही सूचना मला सर्वांत आधी अमलात आणण्यासारखी वाटते. आडावर टीसीएल टाकण्याबद्दल उद्याच पंचायतीत बोलते. हे आमच्या आयांना पटेल, कारण त्यात त्यांना कोणी खोटे पाडत नाही.

ग्रामसभेत पुढील मागणी ठेवणार आहे. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सोमवारी पहाटे नमुने घेतले जातील: पहिला शेवटच्या वाडीतल्या नळाचा, मग कोळीवाड्यातला, मग शाळेचा आणि टाकीजवळचा. बाटल्या प्रत्येक वाडीतल्या दोन बायका भरतील, दोन प्रयोगशाळांत जातील, आणि आलेला आकडा कोणीही न गाळता फळ्यावर लिहिला जाईल. शाळेतून काढलेला जुना पाइप आणि तोट्या अजून पंचायतीच्या आवारात पडून आहेत; त्या भंगारात देण्याआधी पाइप उभा कापून ग्रामसभेत ठेवावा, म्हणजे आतून काय झाले होते ते ज्याला पाहायचे त्याला पाहता येईल. कातळसडा साहेब, चुनखडीच्या थराचा अंदाजे खर्च आणि त्यासाठी प्रस्ताव कोणाकडे द्यावा, हे सवडीने लिहाल का? सभेच्या आधी ते कागद तयार ठेवायचे आहेत.